तीन रंगांचा संच आणि हिरव्याचे वेगळे ८० रुपये

ऑनलाइन मागवलेला ढोबळी मिरचीच्या बियांचा संच. लाल, पिवळी, हिरवी अशी तीन पाकिटं, प्रत्येकात दहा बिया, एकूण २४० रुपये.

बी दमदार आहे, ते आधी सांगते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोकोपीट आणि गांडूळखतात पेरलं, तर बारा दिवसांत तिसांतले तेवीस कोंब वर. गच्चीवर १२ इंची ग्रो बॅगांत सहाच रोपं ठेवली, बाकीची सोसायटीत वाटली. पहिली कळी जीवावर दगड ठेवून खुडली, म्हणजे झाड आधी अंग धरतं. डिसेंबरात पहिली मिरची उतरली, जाड गराची, तोडताना कटकन आवाज करणारी.

आता तक्रार. ‘हिरवी’चं वेगळं पाकीट कशाला? ढोबळी मिरची हिरवी असते ती कच्ची म्हणून! हिरव्या पाकिटातल्या झाडावर मी एक मिरची मुद्दाम ठेवली. जवळजवळ महिनाभरात आधी एका गालावर चॉकलेटी झाक आली, मग लालभडक. म्हणजे लाल पाकीट घेऊन निम्म्या मिरच्या हिरव्याच तोडल्या असत्या तरी चाललं असतं. बरं, पाकिटावर जातीचं नावही नाही. ‘कॅलिफोर्निया वंडर’, ‘इंद्रा’ असं काही छापलं असतं तर माणूस स्वतः पाहून घेतो. आणि सोबतच्या पत्रकात बिनधास्त ‘वर्षभर पेरा’! पारा ३५च्या वर गेला की हिची फुलं गळतात, हे कोण सांगणार?

दोन मिरच्या बुडाशी काळ्या पडून खचल्या, त्याचा दोष मात्र माझा. चार दिवस गावाला गेले, बॅगा सुकल्या, आल्यावर बदाबदा पाणी घातलं. पाण्याचा असा हेलकावा झाला की फळाला कॅल्शियम पोचत नाही.

चवीला पैकीच्या पैकी. हिरव्या चिरून पीठ पेरून केल्या: हिंग-मोहरीची फोडणी, भाजलेलं बेसन, चमचाभर दाण्याचं कूट, वर झाकण. विकतच्या मिरचीला सुटतं तेवढं पाणी हिला सुटलं नाही, भाजी मोकळी झाली. लाल मात्र शिजवू नका, नुसती मीठ लावून खा.

पाचपैकी तीन तारे. पाकिटावर ‘हायब्रीड’ लिहिलंय, बी धरून उपयोग नाही असं सासूबाईंना दोनदा सांगितलं. त्यांनी लाल मिरचीचं बी वर्तमानपत्रावर वाळत घातलंच आहे.