बिडाच्या तडकलेल्या पुलीची दुरुस्ती: उद्यमनगरातील एका दुकानाचा अनुभव

आमच्या वर्कशॉपमधील जुन्या कोन-पुलीच्या लेथला मोटरकडून येणारी गती काउंटरशाफ्टवरील (मोटर आणि लेथ यांच्यामधल्या दांड्यावरील) चौदा इंची बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पुलीमार्फत मिळते. गेल्या वर्षी या पुलीच्या तुंब्याला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाला, चावीच्या खाचेपासून तडा गेला. (चावी म्हणजे पुली शाफ्टला अडकवणारी पोलादी पट्टी.) ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान दुकानात दुरुस्त करून घेतली. दुकानावर पाटी नाही आणि मिस्त्रींना नावाची प्रसिद्धी नको आहे, म्हणून नाव देत नाही. मात्र काम कसे झाले हे तपशिलाने लिहीत आहे, कारण बीड जोडून देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्यातला फरक गिऱ्हाइकाला ओळखता आला पाहिजे.

नवी पुली का घेतली नाही, हा प्रश्न रास्त आहे. प्रमाणित मापाची पुली असती तर दुरुस्तीच्या वाटेला गेलो नसतो आणि इतरांनीही जाऊ नये. आमच्या पुलीचा तुंबा एका बाजूला बराच बाहेर आलेला आहे, कारण त्याचे टोक बेअरिंगलगतच्या खांद्याला टेकते, आणि बेल्टच्या दोन खाचांमधील अंतर आजच्या कोणत्याच पुलीशी जुळत नाही. नवे ओतकाम करून घ्यायचे तर पॅटर्न, म्हणजे साचा पाडण्यासाठीचा नमुना, बनवावा लागतो. फुटकी पुलीच साच्यात दाबून काम भागवावे म्हटले, तर बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे मिळणारा नग तेवढा लहान येतो आणि टर्निंगसाठी माल उरत नाही. एका नगासाठी हा खटाटोप करायला फौंड्रीवालेही फारसे राजी नसतात.

तडा जाण्याचे कारण आमच्याकडेच होते. बोअर (तुंब्यातील शाफ्टचे भोक) झिजून पुली शाफ्टवर किंचित हलू लागली, तेव्हा निमुळती चावी हातोड्याने ठोकून घट्ट केली गेली. अशी चावी पाचरीसारखे काम करते आणि तुंब्याला आतून फाकवते. बीड दाब भरपूर सोसते, पण ताणाखाली सहज तुटते, कारण त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या टोकांपासून चीर सुरू होते. त्यात तुंबा सर्वात पातळ असतो तो चावीच्या खाचेपाशी आणि तिचे कोपरे असतात धारदार.

मिस्त्रींनी पुली आधी रॉकेलने धुतली, दोरीला टांगली आणि लहान हातोडीने ठोकून पाहिली. आवाज घणघणीत न येता बद्द आला. मग चिरेत शिरणारे लाल रंगाचे द्रव (पेनेट्रंट) फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबले, पृष्ठभाग पुसला आणि चिरेतला लाल रंग वर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. तुंब्याची चीर आम्ही समजत होतो त्यापेक्षा बोटभर पुढे गेलेली निघाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका आऱ्यावर दुसरी लाल रेघ उमटली, जिची आम्हाला कल्पनाच नव्हती. या आऱ्यावर काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वेल्डरने साध्या पोलादी रॉडने डाग भरला होता आणि नवी चीर बरोबर त्या डागाच्या काठाने गेली होती. मिस्त्रींनी तिथे कानस फिरवून दाखवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. वितळलेले बीड झटकन थंड झाले की त्यातील कार्बन ग्राफाइट न होता कठीण, ठिसूळ पांढऱ्या बिडात अडकून राहतो आणि डागाच्या कडेला पुढची चीर तयार होते, हे मी वाचले होते, पण हाताला जाणवले ते त्या दिवशी.

तुंब्याबद्दल ते स्पष्ट बोलले, "तुंब्याला रॉड लावणार नाही. लावला तर महिन्याभरात तुम्ही परत दारात उभे राहाल." माझ्या दृष्टीने या दुकानाची खरी किंमत या नकारात आहे. निकेलचा रॉड वापरून वेल्डिंग करता आले असते आणि पैसेही जास्त मिळाले असते, पण चावीचा ताण ज्या जागी सतत येणार तिथे जोडावर विसंबायचे नाही, असे त्यांचे मत होते आणि मला ते पूर्ण पटले.

आऱ्याचे काम आधी झाले, कारण नंतर उष्णता दिली असती तर तुंब्यावरील रिंगा सैल होण्याचा धोका होता. जुना डाग कठीण थरासह काढून टाकला आणि दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खाच केली. ग्राइंडरने घासल्यावर ग्राफाइट पृष्ठभागावर माखले जाते आणि पितळ त्यावर पसरत नाही, म्हणून शेवटचा हात कानशीने मारून ती जागा गॅसच्या ज्योतीने भाजून घेतली. पुढची काळजी मला सर्वात मोलाची वाटली. एकच आरा तापवला तर तो लांब होतो, कडे त्याला अडवते आणि थंड होताना तोच आरा किंवा शेजारचा ताणाने तुटतो. म्हणून संपूर्ण पुली कोळशाच्या भट्टीत सावकाश तापवली आणि मगच टांकणखार लावून पितळी रॉडने ब्रेझिंग केले, म्हणजे वितळलेल्या पितळेने जोड भरला. पितळी रॉड सुमारे ९०० अंशांना वितळतो, बीड मात्र साडेअकराशेच्या आसपास, त्यामुळे मूळ धातू न वितळता जोड बसतो. नंतर पुली कोरड्या चुन्यात पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही.

तुंब्यावर मात्र उपाय निराळा केला. चिरेच्या टोकाला ५ मिमीचे भोक पाडून तिची वाढ थांबवली. तुंब्याचे दोन्ही बाहेर आलेले भाग लेथवर ९० मिमी व्यासाला साफ केले आणि त्यांच्यासाठी पोलादी रिंगा आतून सुमारे ०.०८ मिमी कमी मापाच्या कातल्या. रिंग निळसर होईपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या जवळपास तापवली की तिचा व्यास पाव मिलिमीटरभर वाढतो, ती अलगद सरकते आणि थंड झाल्यावर तुंब्याला चहूबाजूंनी आवळून धरते. चीर मिटते, आणि बिडाला जे सोसते त्या दाबाखाली ते कायम राहते. बोअर थोडा आवळला गेला, तो पुन्हा ४० मिमीच्या शाफ्टच्या मापाला केला. खाचेचे कोपरे किंचित गोल केले आणि निमुळत्या चावीऐवजी १२ बाय ८ मिमीची समांतर चावी ग्रब स्क्रूसह (ती दाबून धरणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूसह) दिली.

समतोल दोन सपाट पट्ट्यांवर शाफ्ट ठेवून पाहिला आणि जड बाजूला कड्याच्या आतून थोडा माल काढला. आमची मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावरची पुली पाच इंची, म्हणजे ही पुली मिनिटाला साधारण ५१४ फेऱ्यांनी फिरते आणि कड्याचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास पडतो. एवढ्या वेगाला ही तपासणी पुरेशी आहे. कड्यावरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून कड्यालाच तडा असता, किंवा पुली वेगवान यंत्रावरची असती, तर मी दुरुस्तीचा विचारही केला नसता.

उणिवाही सांगायला हव्यात. चार दिवसांचा शब्द होता, काम नवव्या दिवशी मिळाले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. भट्टीचे तापमान ते लाकडाची ढलपी टेकवून ओळखतात. ठराविक तापमानाला वितळणारे खडू बाजारात मिळत असताना ते न वापरणे मला पटले नाही. पक्के बिल मागितल्यावरच मिळाले. एकूण २,८०० रुपये लागले, जे कामाच्या मानाने योग्य वाटतात.

पुली बसवून आठ महिने झाले. दर महिन्याला गार्ड काढून आरा आणि तुंबा रॉकेलने पुसतो, सुकल्यावर खडू फासतो आणि चिरेतून ओल वर येते का ते पाहतो; अजून आलेली नाही. इथे काम न्यायचे असल्यास नुसती पुली नेऊ नये, शाफ्ट आणि जुनी चावीही सोबत न्यावी. आम्ही शाफ्ट नेला नव्हता आणि बोअरच्या मापासाठी दुसरी खेप करावी लागली.