बेळगावातील घरपोच कर्करुग्ण शुश्रूषा सेवा : एका घरचे परीक्षण

कर्करोगाची शस्त्रक्रिया कुठे करावी, शेक (रेडिएशन) कुठे घ्यावा, बेळगावातच थांबावे की कोल्हापूर, मिरज किंवा थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे, याची चौकशी सीमाभागातील प्रत्येक कुटुंब दहा ठिकाणी करते. उपचारांच्या मधल्या काळात रुग्ण घरी असताना त्याला सांभाळायचे कोणी, याची चौकशी मात्र कोणी करत नाही, कारण ते काम घरातल्या सुनेचे किंवा मुलीचे असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. बेळगाव शहरातील एक खासगी संस्था या कामासाठी प्रशिक्षित नर्स, दिवसभराचे अटेंडंट, फिजिओथेरपिस्ट, भाड्याची उपकरणे आणि रात्रीची दूरध्वनी मदत पुरवते. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही ही सेवा घेतली. पुढे काही गंभीर तक्रारी लिहायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. त्या तक्रारी संस्थेला लेखी कळवलेल्या आहेत.

मामंजींना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला. निपाणीची तंबाखू चुन्याबरोबर मळून गालात धरण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, त्यामुळे निदान ऐकून घरात रडारड झाली तरी आश्चर्य कोणालाच वाटले नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांना शेक आणि त्याच्या जोडीने तीन आठवड्यांच्या अंतराने सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध देण्यात आले. नाकातून पोटात नळी होती, तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, आणि घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. असा रुग्ण घरी असतो तेव्हा गाठ परत येईल का ही काळजी पुढची असते; रोजची भीती असते ती जंतुसंसर्गाची, अन्न श्वासनलिकेत जाण्याची, रक्ताच्या गुठळीची आणि दिवसेंदिवस उतरत जाणाऱ्या वजनाची. म्हणून या सेवेचे मोल मी नर्सच्या गोड बोलण्यावरून ठरवलेले नाही. गुंतागुंत वेळेत ओळखली का आणि ओळखल्यावर रुग्णाला घरात न ठेवता रुग्णालयात पाठवले का, एवढेच मी पाहिले.

पहिल्या भेटीला आलेल्या सिस्टर बैलहोंगलकडच्या होत्या. मराठी तोडकी, पण काम चोख. त्यांनी सर्वप्रथम नळीवर नाकपुडीपाशी येणाऱ्या खुणेला रंगीत पट्टी लावली, तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि ही पट्टी सरकलेली दिसली तर पाण्याचा थेंबही आत सोडायचा नाही, असे सासूबाईंना तीन वेळा वदवून घेतले. नळी थोडी वर आली असताना पेज सोडली तर ती फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, हे रुग्णालयातून घरी सोडताना कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. पेज देताना उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी आणि दिल्यानंतरही अर्धा ते एक तास रुग्णाला आडवे करायचे नाही, हेही त्यांनीच बसवून दिले. नाचणीची आंबील दोनदा गाळायची, प्रत्येक वेळी आधी आणि नंतर साध्या पाण्याने नळी धुवायची, औषधे पेजेत कालवायची नाहीत, अशा बारीक गोष्टींत त्यांचा हात धरणारे कोणी मला भेटले नाही.

त्याच भेटीत त्यांनी औषधांचा डबा पलंगावर उपडा केला. त्यात मॉर्फिनची हळूहळू विरघळणारी गोळी होती. अशी गोळी कुटून नळीवाटे दिली तर बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते आणि श्वास मंदावू शकतो. सिस्टरांनी ती बाजूला काढली, आमच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि चार-चार तासांनी द्यायची साधी मॉर्फिनची गोळी लिहून घेतली. त्याबरोबरच पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायला सांगितले, कारण मॉर्फिनने होणारी बद्धकोष्ठता सवयीने कमी होत नाही. मॉर्फिन खेड्यातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, खानापुरातही हमखास मिळेल असे नाही. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांपुरता सुटसुटीत झाला तरी ते ठेवणारी ठिकाणे आजही मोजकीच आहेत. साठा संपण्याच्या आठवडाभर आधी आठवण करणारा फोन संस्थेकडून न चुकता येत असे. ही व्यवस्था खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

तोंडाची काळजी हा या सेवेचा सर्वांत बळकट भाग म्हणावा लागेल. शेक सुरू झाल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडातली त्वचा सोलवटते, लाळ चिकट होते आणि रुग्ण थुंकीसुद्धा गिळायला घाबरतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या करायच्या, हा उपाय स्वस्त आहे पण तो करवून घेणे महाकठीण, आणि मामंजींसारख्या हट्टी माणसाकडून तर जवळजवळ अशक्य. सिस्टर टॉर्चने रोज तोंड बघत. जिभेवर पांढरे चट्टे दिसले तेव्हा आम्हाला ती पेजेची साय वाटली होती. तो बुरशीचा संसर्ग असल्याचे त्यांनी ओळखले, फोटो डॉक्टरांना पाठवला आणि त्याच संध्याकाळी औषध सुरू झाले. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायामही त्यांनी शिकवला. त्याबद्दल मामंजींनी त्यांना जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता तक्रार. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या तर साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो, हे संस्थेने दिलेल्या तक्त्यातच छापलेले आहे. तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेले की ताबडतोब फोन करावा आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये, असेही त्यात ठळक अक्षरांत आहे. एका रात्री मामंजींना हुडहुडी भरली आणि ताप त्या रेषेच्या वर गेला. आम्ही तक्त्याप्रमाणे फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी केमोची तारीख विचारली, दोन आठवडे उलटून गेले आहेत म्हणजे काळजीचे कारण नाही असे सांगितले आणि पॅरासिटामॉल देऊन सकाळी कळवा म्हणाले. बहुतेक केमो औषधांनंतर पेशी सात ते चौदा दिवसांत तळाला जातात हे खरे, पण सिस्प्लॅटिनचा तळ तिसऱ्या आठवड्यातही येऊ शकतो. आणि मुळात ताप असलेल्या केमोच्या रुग्णाला रक्त तपासल्याशिवाय निर्धोक ठरवण्याचा अधिकार फोनवरच्या माणसाला असताच कामा नये.

सुदैवाने यजमानांनी थेट सिस्टरांच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी एकच वाक्य सांगितले : औषध देऊ नका, गाडी काढा. बेळगावच्या रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा पेशी खरोखरच तळाला गेलेल्या होत्या, आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले. अशा रुग्णाला दाखल झाल्यापासून तासाभरात पहिला डोस मिळावा असा वैद्यकीय दंडक आहे. जांबोटी रस्त्यावरून पावसात येणाऱ्या रुग्णाचे त्याआधीचे दोन तास वाटेतच जातात, हे शहरातल्या मदत-कक्षाने हिशोबात धरायला हवे. दुसऱ्या दिवशी संस्थेने दिलगिरी व्यक्त केली. रात्रीच्या फोनवर नर्सच बसेल असे आश्वासनही दिले आणि पुढे आम्ही मुद्दाम फोन करून पाहिला तेव्हा ते पाळलेले आढळले. तक्त्यात मात्र ‘सात ते चौदा दिवस’ हेच शब्द अजून आहेत. ते बदलावेत.

फिजिओथेरपिस्टबद्दल थोडक्यात, पण आवर्जून. मामंजींचा डावा पाय पोटरीपाशी सुजला आणि ठणकू लागला, तेव्हा शेजारच्या काकूंनी कोमट तेलाने चोळायचा सल्ला दिला, सासूबाईंनी तेल गरमही केले. त्या दिवशी व्यायामासाठी आलेल्या तरुण मुलीने दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि डॉपलर तपासणी (शिरेतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) झाल्याशिवाय हा पाय कोणी चोळायचा नाही असे बजावले. कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, सिस्प्लॅटिनने ती आणखी वाढते, आणि चोळण्याने शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तपासणीत गुठळी निघाली. पुढे पोटावर घ्यायची इंजेक्शने घरच्या घरी कशी द्यायची हे संस्थेने माझ्या दिराला शिकवले, तो आधी सुई पाहूनच पांढरा पडत असे.

अटेंडंटच्या बाबतीत मात्र समाधान नाही. त्यांचा दर नर्सच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून कुटुंबे त्यांनाच जास्त तास ठेवतात, आणि संस्थाही ते सुचवते. आमच्याकडे आलेले दोघे कष्टाळू होते, कूस बदलणे, अंग पुसणे, हवेच्या गादीची हवा बघणे ही कामे त्यांनी मन लावून केली. परंतु लघवी किती झाली याची नोंद ठेवण्याचे कारण त्यांना कोणी समजावलेच नव्हते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणते, तेव्हा लघवी कमी होणे ही पहिली खूण असू शकते. वहीत सलग दिवस सारखाच आकडा पाहून मी विचारले, तर अंदाजाने लिहितो असे प्रामाणिक उत्तर मिळाले. याच औषधाचा कानांवरही परिणाम होतो, म्हणून कान वाजतात का, हा प्रश्नही वहीत छापलेला आहे आणि तोही कधी विचारला गेला नाही.

कागदपत्रे कन्नड आणि इंग्रजीत आहेत. कर्नाटकातल्या संस्थेने कन्नड वापरावे यात काहीच वावगे नाही, पण खानापूर, बेळगाव ग्रामीण, निपाणी या पट्ट्यात रुग्णाजवळ रात्री बसणारी व्यक्ती बहुधा मराठीच वाचणारी, अनेकदा साठी ओलांडलेली बाई असते. धोक्याच्या खुणांचे एक पान मराठीत छापायला फारसा खर्च येणार नाही. आम्ही ते हाताने लिहून काढले आणि त्याची प्रत संस्थेला दिली आहे.

उपकरणांत गादी आणि नेब्युलायझर चांगले निघाले. कफ ओढून काढणारे सक्शन मशीन विजेवरच चालणारे आले. पश्चिम खानापुरात जून-जुलैत वीज गेली की कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि चिकट कफ वीज येईपर्यंत थांबत नाही. पायाने दाबून चालवायचे मशीन त्यांच्याकडे उपलब्ध आहे, मागितल्यावर लगेच बदलूनही मिळाले, पण आधी कोणी सुचवले नाही. बेळगाव शहराबाहेर प्रवासाचे भाडे वेगळे लागते आणि ते कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. सरकारी आरोग्य योजनेत आमच्या उपचारांचा बराच खर्च भागला, घरच्या शुश्रूषेचा एक रुपयाही बसला नाही, त्यामुळे हा सगळा खिशातला पैसा आहे हे धरूनच निर्णय घ्यावा.

ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी अटेंडंटचे तास कमी करून नर्सच्या भेटी वाढवून घ्याव्यात. त्याच पैशात ते बसते, आम्ही नंतर तसेच केले. नळी आता निघाली आहे, मामंजी मऊ भात आणि ताक तोंडाने घेतात, आणि नर्सची भेट आम्ही आठवड्यातून एकदा चालू ठेवली आहे. सक्शन मशीन परत केल्यावर अनामत रक्कम पूर्ण मिळाली, फक्त त्यासाठी पावती दाखवावी लागली. ती जपून ठेवावी.