प्रॉक्समॉक्सचे आठ महिने: पिंग लागतंय, पण मशीन हाती लागेना

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून १४ हजारांना एक जुना ऑफिस डेस्कटॉप आणला, रॅम १६ जीबी केली आणि त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) चढवलं, त्याला आता आठ महिने झाले. इन्स्टॉल कसं करायचं हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. लॉगिन केल्यावर सबस्क्रिप्शन नसल्याची चौकट दर वेळी येते, तीही चालवून घेतली. फुकटात इतकं मिळतंय म्हटल्यावर तक्रार कशाची करायची?

माझ्याकडे दोन उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, आहेत. एकीवर घरचे फोटो, दुसरीवर ताईच्या क्लासच्या चाचण्या. पहिली नीट बसवली आणि दुसरी तिचाच क्लोन (हुबेहूब नक्कल) काढून केली. सहा महिने काही त्रास नव्हता. मग इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला आणि त्याच आठवड्यात पुढच्या खोलीत पंधरा मुलं चाचणी देत असताना पान अडकलं. ताई दारात येऊन उभी राहिली, "अरे, मुलांची उत्तरं जातायत!"

राउटर बंद-चालू केला की दहा मिनिटं बरं चालायचं, पुन्हा तेच. दुरून मशीनवर कमांड देण्यासाठीचं एसएसएच मध्येच तुटायचं. पिंग, म्हणजे 'आहेस का?' असा नेटवर्कवरून पाठवलेला निरोप, मात्र एकही चुकत नव्हता. मी राउटरवर खापर फोडलं, तीनदा तक्रार केली, इंटरनेट कंपनीतल्या मुलाला फोनवर बरंच बोललो. केबलवर ४५० रुपये घातले ते वेगळेच.

मला वाचवलं ते वेब इंटरफेसमधल्या 'कन्सोल' बटणाने. पहिली व्हीएम बसवल्यानंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. व्हीएमचं नेटवर्क पूर्ण गेलेलं असलं तरी ते चालतं, कारण ते होस्टमार्फत (मूळ डेस्कटॉपमार्फत) थेट व्हीएमचा स्क्रीन दाखवतं. दोन्ही कन्सोल शेजारी-शेजारी उघडले, दोन्हीकडे 'आयपी ए' ही पत्ते दाखवणारी कमांड मारली. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डचे क्रमांक) वेगळे होते, दोन्ही बीसी:२४:११ ने सुरू होणारे पण पुढे निराळे. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मात्र दोन्हीकडे १९२.१६८.१.४७!

क्लोन करताना मॅक नवा मिळतो, पण डिस्कवरची मशीन-आयडी (मशीनची स्वतःची ओळख) तीच राहते. ईटीसी फोल्डरमधली ती ३२ अक्षरी फाइल. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या, इथे राउटरमधल्या, सेवेला) ओळख सांगतो ती या आयडीवरून बनवलेली. जुना राउटर नुसता मॅक बघत होता, नवा ही ओळख बघतो, आणि १९९७ च्या आरएफसी २१३१ या डीएचसीपीच्या नियमपत्रानुसार नव्याचंच बरोबर आहे. त्याच्या लेखी दोन्ही व्हीएम म्हणजे एकच मशीन, म्हणून दोघींना आयपीही एकच. पिंगला दोघींपैकी कोणीही उत्तर देत होती, म्हणून तो कधी चुकला नाही. राउटरबद्दलचं माझं मत मी मागे घेतलं आणि त्या मुलाला फोन करून तसं सांगितलंही.

पण माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट वेगळीच आहे. क्लोनमध्ये एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) सुद्धा त्याच येतात. म्हणजे आपण भलत्याच मशीनवर पोचलो तरी एसएसएच चकार शब्द काढत नाही. अशाच एका संध्याकाळी चाचणीची व्हीएम समजून मी फोटोंची व्हीएम रीस्टार्ट केली होती. त्या जागी फोल्डर पुसायची कमांड दिली असती तर? आईबाबांचे २००४ पासूनचे फोटो आहेत त्यात. क्लोन काढणाऱ्या प्रत्येकाने आधी हे बघावं, अगदी बाकी सगळं सोडून.

क्लोनवर जुनी मशीन-आयडी पुसून 'सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप' चालवलं, होस्ट की काढून नव्या बनवल्या, रीस्टार्ट केलं. आयपी १९२.१६८.१.५२ मिळाला. यापुढे टेम्प्लेट (क्लोन काढण्यासाठीचा साचा) करण्याआधीच मशीन-आयडीची फाइल रिकामी करून ठेवतो, पण पुसून टाकत नाही, म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना आपली आयडी स्वतः बनवतो.

नंतर लॅपटॉपवरून क्लोनला एसएसएच केलं, तर त्याने नव्या होस्टची खात्री करायला 'यस' लिहायला लावलं. की पडताळली आणि मगच आत गेलो. रविवारी ताईची दीड तासाची चाचणी झाली, पंधराही मुलांची उत्तरं जमा झाली.