गोल्फचं जीपीएस घड्याळ: दिवाळी ते पोळा

दिवाळीत घेतलेलं, गोल्फ खेळताना अंतर दाखवणारं घड्याळ अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चार्ज व्हायचं थांबलं. घड्याळ ठणठणीत होतं, मेली ती चार्जिंगची क्लिप. घामाने पिना हिरव्या पडल्या होत्या. एसटीने नागपूर गाठलं, तर सर्व्हिस सेंटरवाला क्लिप हातात न घेताच म्हणाला, "अ‍ॅक्सेसरी वॉरंटीत येत नाही." नवी क्लिप 1,900 रुपये! तेवढ्यात डझनभर बरे चेंडू येतात. मी म्हटलं, बाबा, हिच्याशिवाय घड्याळ चालतच नाही, मग ही अ‍ॅक्सेसरी कशी? वीसेक मिनिटं वाद घातला. शेवटी "तपासायला ठेवून जा" म्हणाला. ते तपासणं पावसाळ्यापर्यंत चाललं.

कंपनीने बॅटरी, स्क्रीन, वॉटरप्रूफ यांवर पानंच्या पानं लिहिली आहेत, ती तुम्ही वाचलीच असतील. माझं मैदान सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वणीकडच्या कोळसा पट्ट्यातल्या एका वसाहतीचं नऊ होलचं (भोकांचं) मैदान आहे. जमीन काळी, बाभळी भरपूर, मधून नाला. भोकाभोवती गवताचे ग्रीन नाहीत, ब्राउन आहेत: वाळूत जळकं ऑइल कालवून दाबलेले. ब्राउन जेमतेम वीस पावलांचा आणि जीपीएसची चूक उघड्या मैदानातही 3 ते 5 मीटर. मग पुढची कड, मध्य, मागची कड असे तीन आकडे दाखवून उपयोग काय? आमचा बॅग उचलणारा कॅडी पोट्टा बाभळीकडे बघून सांगतो तेवढंच अंतर घड्याळ सांगतं. वर विचारतो, "काय म्हणते जी तुमचं घड्याळ?"

माझे पैसे वसूल झाले ते नाल्यावर. चौथा होल पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा, 370 यार्ड. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारतो तिथून, नाल्याचा अलीकडचा काठ 190, पलीकडचा 215. उजवीकडे कुंपण, त्याच्या पलीकडे कोणाची तरी पऱ्हाटी. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीने, माझा चेंडू पडतो 200 च्या आसपास, म्हणजे नेमका पाण्यात. आणि उजवीकडे वळला की पऱ्हाटीत. नाल्यात गेला तर एका फटक्याचा दंड. कुंपणाबाहेर गेला तर दंडही आणि परत टीवरूनच तिसरा फटका. शिवाय धुऱ्यावरून हाका मारून मालकाकडे चेंडू मागायचा, ते वेगळं. हरवला असं वाटलं तर शोधायला 2019 पासून फक्त तीन मिनिटं, आधी पाच होती. पऱ्हाटी कमरेला आल्यावर तीन मिनिटांत काय डोंबल सापडतं?

काठांचे दोन्ही आकडे मनगटावर दिसायला लागले तसा ड्रायव्हर बॅगेतच राहिला. पाच नंबरच्या आयर्नने, म्हणजे आखूड मारणाऱ्या काठीने, 165, पुढचा 150, उरले 55. तिथून ब्राउनवर पोहोचायला एक फटका, मग भोकात ढकलायचे दोन हलके फटके म्हणजे पट, झाली बोगी: पारपेक्षा एक जास्त. नऊ होल दोनदा फिरलं आणि सगळीकडे बोगी घेतली तर पार 72 च्या मैदानावर 90 होतात. शंभर फटक्यांच्या आत यायला धडपडणाऱ्याला आणखी काय पाहिजे? कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी आकडेमोड करून दाखवलंय की चांगल्या आणि साधारण खेळाडूच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. आमच्या क्लबात हे ऐकून लोक अजून मोठा ड्रायव्हर घेतात. इथे शंभराच्या पलीकडे नाला आणि कुंपणच आहे, हे कोणी बघत नाही.

होळीनंतर मात्र घड्याळाची खरी खोट कळली. काळी माती वाळून दगड होते. 165 वर पडलेला चेंडू तीस यार्ड घरंगळत जाऊन नाल्यात. आकडा बरोबर, चेंडू पाण्यात! घड्याळ अंतर सांगतं, जमीन कशी आहे ते सांगत नाही. म्हणून तेव्हापासून तिथे त्याहून आखूड मारणारी सात नंबरची आयर्न, 140 वर टाकायचा आणि बाकीचं जमिनीवर सोडायचं. भेगांत चेंडू गडप व्हायला लागले तेव्हा कमिटीने त्यांना दुरुस्तीची जमीन, म्हणजे दंडाशिवाय चेंडू उचलायची जागा, ठरवलं, तसा अधिकार कमिटीला असतो. पावसाळ्यात उलटं: चेंडू पडतो तिथेच रुततो. स्वतःच्याच खळीत रुतला असेल तर दंडाशिवाय उचलता येतो, हे अर्ध्या लोकांना माहीतच नाही.

घड्याळ नागपुरात पडून होतं तेव्हा सगळी अंतरं डायरीत उतरवली. कुठल्या बाभळीपासून, कुठल्या विजेच्या खांबापासून किती. स्कोअर वाढला नाही, म्हणजे खेळ बिघडला नाही. म्हटलं, संपलं, वीस हजार पाण्यात गेले, दहा रुपयांच्या डायरीत काम भागलं असतं. घड्याळ विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

श्रावणात एका ओळखीने नागपूरला गवताच्या ग्रीनवर खेळायला मिळालं आणि जाहिरात फाडली. तिथे ग्रीन तीस यार्ड खोल. भोकातला झेंडा मागच्या कडेला असेल तर पुढच्या कडेपासून तीन क्लबांचा, म्हणजे तीन नंबरांच्या काठ्यांचा फरक. अनोळखी मैदानावर डायरी कोरीच. नजरेने झेंडा जवळ वाटतो आणि सगळे आखूड मारतात, मी मधल्या आकड्याला मारत राहिलो. ग्रीनच्या मध्यावरून दोन पटांत आटोपतं. आठ फुटांचा पट मोठे प्रोसुद्धा निम्म्या वेळाच घालतात, मग झेंड्याला चिकटवायचा हट्ट कशाला?

तर हिशोब असा. एकाच मैदानावर खेळणाऱ्याने डायरी घ्यावी. बाहेर खेळणाऱ्याने घड्याळ घ्यावं. क्लिपच्या पिना दर आठवड्याला पेन्सिलच्या खोडरबरने पुसाव्यात. माझी जुनी क्लिप त्यानेच परत चालू झाली, 1,900 वाचले. चढ-उतार धरून अंतर सांगणारं महाग मॉडेल घेणार असाल तर ती सोय बंद करता येते का ते आधी बघा. 2019 च्या नियमांत अंतर मोजायला परवानगी आहे, उंचीतला फरक मोजायला नाही. आमच्या मैदानावर चढ म्हणजे नाल्याचा काठ तेवढाच, मी त्याचे जादा पैसे दिले नसते.