ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी खातं रिकामं झालं

अण्णांनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. 'बँकेतून साहेब बोलतोय' असा कुणाचा फोन आला नव्हता, की त्यांनी कुठे कार्डाचा नंबर भरला नव्हता. तरी एका रात्रीत त्यांच्या बचत खात्यातून १ लाख ८७ हजार रुपये गेले. घरातल्या मोठ्यांना आपण उठता-बसता जे बजावतो ते सगळं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. चोरी झाली ती भलत्याच दारातून, आणि त्या दाराबद्दल कुणी कुणाला बजावत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, फलटण डेपोतून निवृत्त झाले. सगळ्या नोकरीत एक अपघात नाही, एक मेमो नाही, आणि हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. त्यांच्या या अभिमानाचा पुढच्या प्रकाराशी थेट संबंध आहे.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपवर तात्यांच्या नंबरवरून मेसेज आला. तात्या त्यांच्या भजनी मंडळातले, पखवाज वाजवतात. मेसेजमध्ये लिहिलं होतं की तुमच्या वाहनाने नियम मोडला आहे, पुरावा पाहण्यासाठी फाइल उघडा. खाली फाइल होती. नाव 'आरटीओ चलान', शेवटी 'डॉट एपीके', म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. आता योगायोग बघा, आदल्याच आठवड्यात तात्या अण्णांची मोटारसायकल घेऊन बारामतीला जाऊन आले होते. अण्णांच्या डोक्यात हिशेब चटकन जुळला. तात्यानं सिग्नल तोडला असणार, दंड माझ्या गाडीवर पडला, आणि बिचाऱ्यानं स्वतःच कळवलं. मंडळातल्या माणसाला फोन करून जाब विचारणं बरं दिसत नाही. मला पुण्याला कळवणं तर त्याहून नको, कारण मग 'अण्णांना चलान' ही बातमी घरभर झाली असती. त्यांनी गुपचूप फाइल उघडली.

तात्यांचा फोन मुळात आधीच बाधित झालेला होता आणि त्यातल्या प्रत्येक संपर्काला तीच फाइल आपोआप जात होती, हे नंतर कळलं. तात्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता. गाडीचा नंबर महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन या खऱ्या संकेतस्थळावर टाकून बघितला तर एकही चलान नाही. तात्यांनी बारामतीत गाडी अगदी सरळ चालवली होती म्हणायची!

पुढे फोनवर काय घडलं ते अण्णांच्या तोंडून आणि नंतर सेटिंग्ज उघडून मी जुळवलंय. फाइलवर बोट ठेवल्यावर फोनने आधी विचारलं, व्हॉट्सॲपमधून ॲप टाकू द्यायचं का? मग 'हे ॲप धोकादायक असू शकतं' अशी सूचनाही आली, पण तिच्याखालीच 'तरीही इन्स्टॉल करा' असंही होतं. ॲप उघडलं तर वर राजमुद्रा, खाली हिरवी पट्टी, आणि मधोमध मराठी वाक्य: 'कृपया सक्षम करा सेवा चलान पुरावा पाहण्यासाठी.' असलं मराठी सरकारी असू शकतं असं अण्णांना वाटलं, आणि त्यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही. एक पिवळं बोट स्क्रीनवर हलत होतं आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवत होतं. अण्णांनी दोन बटणं चालू केली. त्यानंतर म्हणे स्क्रीन आपोआप भराभर बदलू लागली, चौकटी उघडत होत्या आणि मिटत होत्या. अण्णांना वाटलं, जुना फोन एकदम फास्ट झाला.

ती दोन बटणं नेमकी कोणती ते नीट समजून घ्या.

पहिलं बटण म्हणजे 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स'. काही कंपन्यांच्या फोनमध्ये यालाच 'अपिअर ऑन टॉप' म्हणतात. ही परवानगी मिळालेलं ॲप दुसऱ्या कुठल्याही ॲपच्या वर आपली खिडकी उघडू शकतं. फोन वाजल्यावर ट्रूकॉलर नाव दाखवतो तो याच परवानगीने. मेसेंजरचे ते गोल तरंगणारे चेहरे, रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या ॲपचा बुडबुडा, रात्री स्क्रीन पिवळसर करणारी ॲप्स, सगळ्यांना हीच लागते. म्हणजे गोष्ट मुळात वाईट नाही. अँड्रॉइडने २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीपासून, तिच्यासाठी वेगळं बटण ठेवलं, कारण धोका त्यांना माहीत होता.

दुसरं बटण ॲक्सेसिबिलिटीचं. ज्यांना दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत, अशांसाठी ही सोय आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. ती स्क्रीन 'फास्ट' झाली ती यामुळे. एसएमएस वाचायची परवानगी, सूचना वाचायची परवानगी, बाकी सगळं ॲपने स्वतःच 'अलाउ' दाबून घेतलं.

या दोन परवानग्या एकत्र आल्या की मालकाला कळू न देता फोन ताब्यात घेता येतो, हे अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्येच दाखवून दिलं होतं. आणखी एक गोम अशी की ॲक्सेसिबिलिटी मिळालेल्या ॲपला पहिल्या बटणाशिवायही वर खिडकी मांडता येते. त्यामुळे एकच बटण बंद करून निश्चिंत होऊ नका.

आता पैसे कसे गेले ते. चलानच्या ॲपमध्ये दंड दिसलाच नाही, 'सर्व्हर व्यस्त' आलं. रविवारी दुपारी अण्णांनी पेन्शन जमा झाली का बघायला बँकेचं ॲप उघडलं. नेहमीचं चिन्ह, नेहमीचा रंग, एमपिनसाठी नेहमीचे चौकोन. पिन टाकला, पान हललं नाही. पुन्हा टाकला, तेव्हा आत गेले. पहिल्यांदा जे पान दिसलं ते बँकेचं नव्हतंच. बँकेच्या खऱ्या ॲपच्या वर त्याच आकाराचं, त्याच रंगाचं पान त्या ॲपने मांडलं होतं. पिन तिथे गेला. मी हे समजावत होतो तेव्हा अण्णाच मध्ये म्हणाले, "म्हणजे पंढरपूरच्या गाडीला कुणीतरी साताऱ्याची पाटी लावली. पॅसेंजरनं पाटी वाचूनच गाडी धरली ना?" यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

रात्री साडेअकराच्या सुमारास उशाशी ठेवलेला फोन उजळला. काळ्या स्क्रीनवर 'सिस्टीम अपडेट चालू आहे, फोन बंद करू नका', खाली गोल फिरतंय आणि टक्के वाढताहेत. अण्णांनी आज्ञाधारकपणे फोन चार्जिंगला लावला. ते अपडेटही वर मांडलेलं एक चित्रच होतं. त्याच्या खाली बँकेचं ॲप उघडलं जात होतं, पिन टाकला जात होता, आलेला ओटीपी एसएमएसमधून उचलला जात होता आणि पैसे तुकड्या-तुकड्याने चार निरनिराळ्या खात्यांत चालले होते. बँकेचे एसएमएस आले, पण इनबॉक्समध्ये टिकले नाहीत. सकाळी औषधाच्या दुकानात ३४० रुपये जाईनात, 'बॅलन्स अपुरा' आलं, तेव्हा कुठे कळलं.

अण्णांनी मला फोन केला. माझं पहिलं वाक्य होतं, "आधी नेट बंद करा, सिमकार्ड काढा." फोन अजून चोराच्याच हातात असतो हे त्या घाईत लक्षात राहत नाही. लोक त्याच फोनवरून पासवर्ड बदलत बसतात आणि नवा पासवर्डही बहाल करतात. मी इकडून १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तिथे खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून लावायच्या आधी बँकेकडून स्टेटमेंट हाताशी घ्या. पण स्टेटमेंट मिळत नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात आणि वाटेत जिथे सापडतील तिथेच गोठवले जातात. आमचे ४१ हजार असे अडकून पडलेत. ते हातात मिळवणं ही पुढची पायपीट. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर सविस्तर तक्रार भरली आणि त्याच दिवशी अण्णा पासबुक घेऊन शाखेत गेले.

ते ॲप काढणं हा वेगळाच तमाशा होता. त्याचं चिन्ह गायब झालेलं. सेटिंग्जमध्ये ॲपच्या यादीत गेलो की एका क्षणात स्क्रीन आपोआप मुख्य पानावर. पुन्हा गेलो, पुन्हा बाहेर. 'अनइन्स्टॉल' पर्यंत बोट पोचूच देत नव्हतं. शेवटी फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. बहुतेक फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून ठेवायचं आणि 'पॉवर ऑफ' या पर्यायावर बोट दाबून धरायचं, मग सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. यादीत ते सापडलं, नाव 'सिस्टीम सर्व्हिस', चिन्हाच्या जागी पांढरा चौकोन. काढण्याआधी प्रत्येक पानाचे दुसऱ्या फोनने फोटो घेतले, परवानग्यांची यादी आणि इन्स्टॉल झाल्याची तारीख धरून. हे फोटो पुढे फार कामाला आले. दुकानदार 'फॉरमॅट मारतो' म्हणून लगेच फोन ओढून घेतात, पण आधी फोटो, मग फॉरमॅट. सिम परत घातल्यावर ##००२# लावून कॉल फॉरवर्डिंगही, म्हणजे आलेले फोन दुसऱ्या नंबरवर वळवणंही, रद्द केलं.

घरातल्या प्रत्येक फोनवर मी हे तपासलं, तुम्हीही बघा. सेटिंग्ज, ॲप्स, मग स्पेशल ॲप ॲक्सेस, त्यात 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स'. जिथे बटण चालू आहे त्या प्रत्येक ॲपपाशी थांबून विचारा, याला माझ्या स्क्रीनवर चढून बसायचं कारण काय? माझ्या बायकोच्या फोनमध्ये एका टॉर्चच्या ॲपला ही परवानगी होती. टॉर्चला! मग ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन 'डाउनलोडेड ॲप्स' किंवा 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. डोळ्यांसाठी किंवा कानांसाठी काही वापरत नसाल तर तिथे सगळं बंदच असायला हवं. तिसरं, 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' मध्ये व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर नकार ठेवा. अँड्रॉइडच्या २०२२ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी देता येत नाही, बटण फिकट दिसतं. पण भामटे त्यावरचीही पळवाट मेसेजमध्ये चित्रांसह समजावून देतात. आणि आपल्याकडे जुने फोन घरातल्या मोठ्यांकडेच जातात. अण्णांकडचा फोन अकराव्या आवृत्तीचा. आयफोनमध्ये ॲपला असं दुसऱ्या ॲपवर चढता येत नाही, पण तेवढ्यासाठी कुणी आयफोन घ्या असं मी म्हणणार नाही.

बँकेत काय झालं ते सांगायलाच हवं. साहेब शांतपणे म्हणाले, "आजोबा, व्यवहार तुमच्याच फोनवरून, तुमच्याच पिनने झालेत." अण्णा म्हणाले, "साहेब, मी पिन कुणाला सांगितला नाही." दोघंही खरंच बोलत होते. पण बँकेच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने होते, 'ग्राहकाने माहिती दिली' आणि 'ग्राहकाने माहिती दिली नाही', आणि लेखी उत्तरात सरळ पहिला धरून 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असा शेरा आला.

इथे एक कागद उपयोगी पडतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं, त्यातले नियम असे. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, असा व्यवहार ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर त्याच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला कमाल १० हजारांपर्यंत. ग्राहकाने स्वतः पिन वगैरे दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. पण ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. शाखेत हे वाक्य दाखवलं तेव्हा आवाज जरा खाली आले.

म्हणून तोंडी काही बोलू नका. अर्जाची पोच घ्या, शिक्का, तारीख आणि वेळेसकट. 'आजोबा, उद्या या' म्हणाले तरी पोच आजचीच घ्या, कारण सगळा खेळ दिवसांचा आहे.

आम्ही निष्काळजीपणाचा शेरा मान्य केलेला नाही. बँकेला लेखी विचारलंय की ग्राहकाच्या फोनवर परकं ॲप ॲक्सेसिबिलिटी धरून बसलंय हे ओळखून काही बँकांची ॲप्स उघडायलाच नकार देतात, मग तुमचं का उघडलं? कधीच न जोडलेल्या चार नव्या खात्यांत मध्यरात्री पाठोपाठ रकमा जाताना एकदाही कुठे अडकलं कसं नाही? उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. अर्ज लिहून तयार आहे, सेफ मोडमधले फोटो जोडलेत. तात्यांच्या फोनमधून निघालेलं तसंच 'सिस्टीम सर्व्हिस'ही त्यात आहे.