तांब्याचा बंब, २० लिटर: भांडं कसं पारखावं, जळण कसं रचावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भांड्यांच्या दुकानांत तांब्याचा बंब अजून मागितला की मिळतो. पाणी तापवायचं साधन म्हणून आमचं मत स्वच्छ आहे: परड्यात किंवा उघड्या न्हाणीत जागा असेल आणि पावसाळ्याआधी जळण भरून ठेवता येत असेल, तर घ्यावा. ओल्या जळणावर चांगल्यातला चांगला बंबसुद्धा नुसता धुपत राहतो.

तांबं वजनावर विकलं जातं, म्हणून आधी वजन बघा. बिडाची जाळी आणि पितळी तोटी काढून नुसत्या तांब्याचं वजन करायला सांगा, नाहीतर बिडाला तांब्याचा भाव पडतो. मग मधल्या नळीत हात घालून सांधा चाचपा. आग या नळीतच असते आणि पाणी तिच्या भोवती, त्यामुळे बंबाचं आयुष्य या एका सांध्यावर ठरतं. पितळी झाळ, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोड, असेल तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. कथलाचा नुसता डाग असेल तर जपावं लागतं, कारण कथील २३२ अंशांना वितळतं. नळीभोवती पाणी असेतोवर सांधा फार तापत नाही. पाणी संपलं आणि आत निखारे राहिले, की काही मिनिटांत डाग सुटतो आणि पुन्हा भरलेलं पाणी नळीतून थेट आगीवर गळतं. दुरुस्तीला येणाऱ्या बंबांची ही नेहमीची तक्रार.

म्हणून तोटी कुठे बसवली आहे हे पाहणं फार महत्त्वाचं. ती अगदी तळाला नको, चार बोटं वर हवी, म्हणजे तोटी उघडी राहिली तरी तळाशी पाणी उरतं. दुकानातच बंब काठोकाठ भरून पंधरा मिनिटं कोरड्या फरशीवर ठेवायला सांगा. नळीच्या आत ओल दिसली तर घेऊ नका. पत्र्याचा बंब स्वस्त पडतो, पण तळाकडून गंजतो. तांबं उष्णता झटकन पाण्याला देतं आणि मोडीतही किंमत येते.

आता जळणाचा हिशेब. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ३,३५० किलोज्यूल उष्णता लागते. सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १५,००० असते, पण त्यातली बरीच धुरावाटे वर जाते. चांगल्या ओढीच्या, म्हणजे नळीतून हवा नीट वर खेचणाऱ्या बंबात पाऊण ते एक किलो जळण पुरतं आणि त्यात थंड पाणी मिसळून दोन बादल्या आंघोळीचं पाणी होतं. रोज एकदा बंब पेटवला तर पावसाळा आणि थंडी मिळून अडीच ते तीन क्विंटल सुकं जळण धरा. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, म्हणून वखारीत ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे पाण्याचे पैसे देणं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ठण्ण आवाज आला, टोकाला मधून बाहेर भेगा गेलेल्या दिसल्या आणि साल नखाने सुटली, की लाकूड सुकलं. भद्द आवाज आला तर परत ठेवा.

बाभळीचे निखारे बराच वेळ टिकतात. निलगिरी ओली असतानाच फोडून घ्यावी, सुकल्यावर तिचे पीळदार तंतू कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. आंब्याचं लाकूड चालतं, पण पुरतं सुकलेलं हवं. पांगारा, शेवगा घेऊच नये, भुर्रकन जळून जातं. खानापूर भागात बिब्ब्याचं लाकूड मोळीत मिसळून येऊ शकतं. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. काजूची टरफलंही बंबात नकोत, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

फोडताना तुकडा वीतभर लांब आणि दोन बोटं जाड ठेवा, नळीत तोच नीट उतरतो. फेब्रुवारीत फोडून रचलं तर मृगापर्यंत तीन-साडेतीन महिन्यांचं ऊन मिळतं. खाली दगड किंवा विटा, त्यावर दोन लांब वासे, म्हणजे रास जमिनीपासून वीतभर वर राहते आणि वाळवी चढताना दिसते. दोन्ही टोकांना आडवी-उभी चौकडी रचा, मधली रास आपोआप आवळून बसते. भिंतीपासून हातभर सोडा. वर पत्रा किंवा मंगळुरी कौलं, पण बाजू मोकळ्या. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेवढ्याच बाजूला बांबूची तट्टी लावा. रास चारी बाजूंनी प्लॅस्टिकने गुंडाळणं ही सगळ्यांत मोठी चूक: आतली वाफ आतच राहते आणि श्रावणापर्यंत लाकडाला पांढरी बुरशी येते. लाकडं काढताना वरून काढा आणि आधी काठीने हलवा, खालच्या सांदीत विंचू बसतात.

पेटवताना आधी पाणी, मग आग. जाळीवर थोडं पाचट, दोन करवंट्या आणि मूठभर काटक्या, आग खालून लावायची. ज्योत नळीच्या निम्म्यापर्यंत आली की वरून दोन-दोन तुकडे सोडा. नळी गच्च भरली की ओढ तुटते आणि काळा धूर येतो. बंद न्हाणीत बंब कधीही पेटवू नका. धूर दिसला नाही तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो.

बेळगावला येणारं राकसकोप धरणाचं नळाचं पाणी असेल तर क्षार फारसे बसत नाहीत. बोअरच्या पाण्याने मात्र नळीवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो आणि जळण वाढतं. दोन महिन्यांतून एकदा कोमट पाण्यात लिंबूसत घालून रात्रभर ठेवा, सकाळी थर खरवडून निघतो. बाहेरून चिंच आणि मीठ पुरेसं.

आंघोळी आटोपल्यावरही जाळीखालच्या राखेत निखारे धगधगत असतात. आपल्याकडची लाल रताळी, मनगटाएवढी, त्या राखेत पुरून ठेवा. पाऊण तासाने साल करपलेली आणि आतून मऊ निघतात.