परसबागेसाठी मधपेटी घ्यावी की फुलझाडं लावावीत?

वेलीला फुलं भरपूर येतात, पण गिलकी (घोसाळी) धरत नाहीत, बोटभर होऊन पिवळी पडतात आणि गळतात. जळगाव-धुळ्याकडे पावसाळ्याच्या शेवटी ही तक्रार घरोघर ऐकू येते. पुष्कळदा कारण एकच असतं: मादी फुलावर पराग पोचलेला नसतो. मग दोन सल्ले मिळतात. कुणी म्हणतं मधपेटी आणा, कुणी म्हणतं फुलझाडं लावा, माश्या आपोआप येतील. घराभोवतीच्या एक-दोन गुंठ्यांसाठी मी दुसऱ्या सल्ल्याच्या बाजूने आहे.

पेटीची ताकद नाकारता येत नाही. एका पेटीत हजारो कामकरी माश्या असतात आणि भोपळा, काकडी, सूर्यफूल, कांद्याचं बियाणं यांवर त्या झपाट्याने काम करतात. पण आपल्या परसात मुख्य काय असतं? भरताचं वांगं. वांग्याच्या फुलात मध नसतो, आणि पराग पिवळ्या परागकोशांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून, फूल थरथरलं की बाहेर पडतो. थोडं काम वारा करतो. खरं काम काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची रानमाशी करतात. सकाळी वांग्याजवळ थांबून बघा: भुंगा फुलाला खालून मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, घूंऽ असा जाड आवाज येतो आणि त्याच्या पोटावर पिवळी भुकटी सांडते. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. दोडक्याची आणि दुधीची फुलं तर संध्याकाळी उमलतात, पेटीतल्या माश्या परतायच्या वेळी. तिथे पतंग उपयोगी पडतात.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पेटीला दाट सावली आणि जवळ पाणी लागतं, नाहीतर पोळ्याचं मेण मऊ होऊन चौकटीतून खाली बसतं. फुलोरा नसताना साखरेचा पाक द्यायचा, मेणकिडा बघायचा, मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्यात ठेवायचे. शिवाय पेटीतली इटालियन माशी दोन-तीन किलोमीटरही फिरते, म्हणजे शेजारच्या कपाशीवरची फवारणी तिला गाठणारच. पेटीत पाळता येणारी देशी सातेरी माशी सह्याद्रीच्या थंड घाटात रमते, तापीकाठच्या उघड्या रानात तिचा जम बसवणं कठीण. आपल्या उन्हात टिकते ती लहानगी फुलोरी माशी. ती झुडपात उघडं पोळं बांधते, पेटीत राहत नाही. तिला बोलवायचं तर फुलंच हवीत.

फुलांचंही तारतम्य हवं. नर्सरीतला गच्च पाकळ्यांचा झेंडू दिसायला छान, पण माशीला त्यात फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा थोडी कोथिंबीर आणि बडीशेप फुलोऱ्यावर जाऊ द्या, तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, कडेला चार तुरी आणि एक शेवगा लावा. तुरीवर आणि शेवग्यावर भुंगे हमखास येतात. त्यांना घर लागतं ते वाळक्या लाकडात किंवा बांबूत, म्हणून एखादा जुना ओंडका राहू द्या. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती तिला चांगल्या होत्या, आता सगळीकडे फरशी आणि सिमेंट आहे, तर निदान एक कोपरा उघड्या मातीचा ठेवा. उन्हाळ्यात पसरट भांड्यात खडे टाकून पाणी. फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क, तोही दिवस मावळल्यावर, फुलं टाळून.

या मार्गाचा तोटा म्हणजे वेळ. मृगात पेरलं तरी पहिल्या हंगामात फरक थोडाच दिसेल. तोवर भोपळा-गिलक्याचं ताजं नर फूल तोडून सकाळी मादी फुलावर हलकेच टेकवा, चार वेलींना तेवढं पुरतं.

पेटी घ्यावी ती डाळिंबाची बाग किंवा कांद्याचं बियाणं असलेल्याने, आणि आजूबाजूचे शेतकरी फवारणीची वेळ आधी सांगत असतील तरच.